सभेवरचा हल्ला पडद्यावर आणताना

राजकीय थरारपटात एक प्रसंग बहुतेक वेळा असतोच. भरलेलं मैदान, व्यासपीठावर नेता, आणि समोरच्या इमारतीतून सुटलेली गोळी. निर्मात्याचे सगळ्यात जास्त पैसे याच प्रसंगावर जातात आणि सिनेमाही सगळ्यात जास्त वेळा इथेच आपटतो. त्याला कारण बजेट क्वचितच असतं. नेता कुठे उभा आहे, नेमबाज कुठल्या खिडकीत आहे, पळायची वाट कुठली, हे प्रेक्षकाला कळलेलंच नसतं. मग कितीही गोळ्या झाडल्या तरी पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. मुंबईत, मध्यम बजेटात, ३०० ज्युनिअर आर्टिस्ट आणि पाच दिवसांचं शूटिंग हाताशी असताना हा प्रसंग कसा उभा करायचा, ते इथे कामाच्या क्रमाने दिलं आहे.

आधी नकाशा, मग पटकथा

लेखक-दिग्दर्शकाने प्रसंग लिहायला बसण्याआधी एका मोठ्या कागदावर मैदानाचा नकाशा काढावा. त्यावर पाच जागा ठरवायच्या: व्यासपीठ, त्याच्यासमोरची रिकामी जागा जिला बंदोबस्ताच्या भाषेत ‘डी’ म्हणतात, पत्रकारांचा चौथरा, नेमबाजाची खिडकी, आणि नेत्याची गाडी उभी असते तो मागचा रस्ता. खिडकीपासून माइकपर्यंत एक रेघ ओढा. ही रेघ सगळ्या प्रसंगाचा कणा आहे. कॅमेरा या रेघेच्या एकाच बाजूला राहिला, तर पडद्यावर नेमबाज कायम डावीकडून उजवीकडे बघेल आणि नेता उजवीकडून डावीकडे. रेघ ओलांडायचीच असेल तर ती ओलांडताना कॅमेरा चालताना दिसू द्या, किंवा मध्ये बरोबर रेघेवरून घेतलेला एक शॉट ठेवा. नाहीतर गोळी कुठून आली हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात राहतो आणि त्याच्या पायी पुढचे तीन-चार शॉट वाया जातात.

रेकीला, म्हणजे जागा बघायला, जाताना लेझरचं अंतरमापक बरोबर ठेवा आणि अंतरं मीटरमध्ये लिहून आणा. खिडकी ते माइक १७० मीटर असेल तर तो आकडा पटकथेत, स्टोरीबोर्डवर आणि पुढे साउंड डिझायनरच्या कागदावर, तिन्हीकडे गेला पाहिजे. तो कशासाठी लागतो ते आवाजाच्या भागात येईल.

गोळी सुटण्याआधी प्रेक्षकाला ही पाचही ठिकाणं एकदा शांतपणे दाखवा. त्यासाठी वेगळे शॉट लागत नाहीत. ‘डी’मधून कार्यकर्त्याला मागे ढकलणारा हवालदार, चौथऱ्यावर तिपाई लावणारा कॅमेरामन, मागच्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून बसलेला ड्रायव्हर, अशा साध्या कामांतून भूगोल पोचतो आणि कुणी आपल्याला काही समजावतंय असं वाटत नाही.

राजकारण खरं वाटायला हवं

मराठी प्रेक्षक सभा बघत मोठा झालेला आहे. ढोल-ताशा, निवेदकाचा चढत जाणारा आवाज, नेता येईपर्यंत वेळ काढणारे स्थानिक वक्ते, ‘कोण म्हणतो देत नाय, घेतल्याशिवाय राहत नाय’सारख्या घोषणा, व्यासपीठावर पहिल्या रांगेत कोण बसणार यावरची चढाओढ. यातलं काही चुकलं तर त्याला ते लगेच खटकतं. व्यासपीठावरच्या पंचवीस माणसांना नुसतं बसवून ठेवू नका. त्यातला जिल्हाध्यक्ष कोण, नाराज कोण, तिकिटाच्या आशेवर आलेला कोण, हे प्रत्येकाला एका ओळीत सांगा. गोळी सुटल्यावर कोण नेत्याकडे धावतं आणि कोण खुर्चीमागे लपतं, ते त्या ओळीवरूनच ठरतं.

काळाच्या चुका फार महागात पडतात, कारण त्या फ्रेममधून काढता येत नाहीत. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. त्यानंतरच्या काळातली गोष्ट असेल तर लाल दिवा नको. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तेव्हा आजच्या गोष्टीत ताफ्यातली मुख्य गाडी म्हणून ती चालणार नाही. विधानसभेचा प्रसंग असेल तर निवडून येणारे आमदार २८८ आणि बहुमताचा आकडा १४५. महाराष्ट्रात २०१९ च्या नोव्हेंबरात आणि २०२२ च्या जुलैत बहुमताची परीक्षा शिरगणतीने झाली, एकेक सदस्य उभा राहत गेला आणि आकडा चढत गेला. थरारपटाला याहून चांगलं घड्याळ मिळणार नाही. सभागृह मात्र सेटवरच उभारावं लागेल, नरिमन पॉइंटच्या विधानभवनात शूटिंगला आत सोडतील हे गृहीत धरून शेड्यूल लावू नका.

पैशांच्या बॅगेचंही तसंच. एक कोटी रुपये पाचशेच्या नोटांत म्हणजे २०,००० नोटा, २०० गड्ड्या, आणि वजन वीस किलोच्या वर. ती बॅग नटाने दोन बोटांनी उचलली की प्रसंग गेला. बॅगेत खरंच वीस किलो वजन भरा, खांदा आपोआप झुकतो. गड्डीत वरची आणि खालची नोट खरी, मधे १५० बाय ६६ मिलिमीटरचे कोरे कागद. हुबेहूब नोटा छापून घेणं हा गुन्हा आहे. सिनेमासाठी छापल्या, हे सांगून सुटका होत नाही.

पक्षाचं नाव, झेंडा आणि चिन्ह काल्पनिक घेतलंत तरी निवडणूक आयोगाच्या यादीशी ताडून बघा. नोंदणीकृत पक्षांची संख्या खूप मोठी आहे, आणि तुम्हाला सहज सुचलेलं नाव कुणीतरी आधीच घेतलेलं असण्याची शक्यता भरपूर. आचारसंहिता लागू असताना रस्त्यावर झेंडे, फ्लेक्स आणि सभा शूट करण्याचा विचारही करू नका. तक्रार येते आणि शूटिंग थांबतं.

जमीन कुणाची, परवानगी कुणाची

मुंबईत लोकेशनबद्दलचा पहिला प्रश्न हाच. रस्ता महापालिकेचा असेल तर वॉर्ड ऑफिस, गोदी परिसरातली जागा असेल तर मुंबई पोर्ट, फलाट असेल तर पश्चिम किंवा मध्य रेल्वे, वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान असेल तर एमएमआरडीए. राज्य सरकारची एक खिडकी योजना आहे आणि ती गोरेगावच्या चित्रनगरीचं काम बघणाऱ्या महामंडळामार्फत चालते. तिथून अर्ज केला तरी स्थानिक पोलीस ठाणं आणि वाहतूक पोलीस यांच्याकडे प्रॉडक्शन मॅनेजरने स्वतः जाऊन बसावं. अर्जात ‘गोळीबाराचं दृश्य’, ‘नकली शस्त्रं’, ‘पोलिसांच्या गणवेशातले कलाकार’ हे शब्द स्पष्ट लिहा. मोघम लिहिलेल्या परवानगीवर गोळीबार शूट करायला गेलात, तर घाबरलेल्या रहिवाशाचा पोलीस नियंत्रण कक्षाला एक फोन पुरतो. शूटिंगच्या आदल्या दिवशी आजूबाजूच्या सोसायट्यांच्या फलकांवर मराठी आणि हिंदीत सूचना लावा. वेळ लिहा आणि प्रॉडक्शनच्या एका माणसाचा फोन नंबर द्या.

शिवाजी पार्कचा मोह अनेकांना होतो. ते मैदान २०१० पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र आहे, तिथे लाउडस्पीकर लावून सभा शूट करायचा हट्ट धरू नका. चित्रनगरीतलं मोकळं मैदान घ्या, आणि शहराची ओळख पटवणारे तीन-चार लांबचे शॉट वेगळे काढून जोडा. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. त्यामुळे रात्रीची सभा दाखवायची असेल तर घोषणांचे शॉट दहाच्या आत संपवा आणि नंतर फक्त मूक शॉट घ्या.

ड्रोनवर भरवसा ठेवून शॉट लिहू नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. त्याहून जवळ आलात की परवानगी लागते, आणि सांताक्रूझच्या विमानतळापासून ८ किलोमीटर म्हणजे उपनगरांचा मोठा भाग झाला. शिवाय पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. त्यामुळे २५ ते ३० फुटांची पक्की परांची बांधून घ्या. गर्दीच्या शॉटला ती ड्रोनपेक्षा उपयोगी पडते.

तीनशेंचे अडीच हजार

दाट गर्दीत एका माणसाला साडेचार ते पाच चौरस फूट जागा लागते, सैल गर्दीत दहा. म्हणजे ३०० जणांत ३० बाय ५० फुटांचा एकच तुकडा दाट भरतो. मैदानावर असे आठ तुकडे चुन्याने आखा. कॅमेरा परांचीवर पक्का बांधा, तीच ३०० माणसं एकेका तुकड्यात उभी करून आठ वेळा शूट करा आणि व्हीएफएक्समध्ये, म्हणजे संगणकावर, जोडा. कागदावर सोपं दिसणारं हे काम प्रत्यक्षात पाच-सहा ठिकाणी फसतं.

पहिली गोष्ट कॅमेऱ्याची. आठही तुकडे होईपर्यंत झूम, फोकस, आयरिस, व्हाइट बॅलन्स यांना कुणी हात लावायचा नाही. तिपाईच्या पायांवर वाळूच्या पिशव्या. परांचीवर ऑपरेटरशिवाय दुसरा माणूस नको, आणि जनरेटर व्हॅन परांचीपासून लांब उभी करा, तिची थरथर बांबूतून वर येते. क्रेन किंवा जिमी जिबवरून प्लेट, म्हणजे नंतर जोडायचा शॉट, घेऊ नका, वाऱ्यावर तो हलतोच. शेवटी रिकाम्या मैदानाची एक प्लेट घ्या. ती घ्यायला लोक हटकून विसरतात.

दुसरी गोष्ट सांध्यांची. दोन तुकड्यांच्या मधली रेघ गर्दीतून गेली तर अर्धी माणसं कापली जातात. म्हणून सभेत बांबूचे अडसर लावून जशा गल्ल्या सोडतात तशा तीन-चार फुटांच्या गल्ल्या सोडा आणि सांधा त्या गल्लीतून न्या. खऱ्या सभेतही गल्ल्या असतात, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही. कडेच्या दोन रांगांना झेंडे द्यायचे नाहीत. झेंडा सांधा ओलांडून पलीकडच्या तुकड्यात फडकला की व्हीएफएक्सवाल्याला तो फ्रेमागणिक कापत बसावं लागतं.

तिसरी गोष्ट उजेडाची. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पहिल्या आणि आठव्या तुकड्यात दीड तास गेला तर सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या दिसतात. आठही तुकडे पाऊण तासात झाले पाहिजेत. म्हणजे हलवाहलव आणि शॉट मिळून एका तुकड्याला पाच-सहा मिनिटं. हे जमायचं तर प्रत्येक ५० जणांमागे एक सहायक, आणि आदल्या संध्याकाळी एक कोरडी रिहर्सल. कॅमेऱ्याजवळचा तुकडा आधी घ्या, कारण त्यातले चेहरे ओळखू येतात आणि मुख्य शॉटशी त्याचाच उजेड जुळायला हवा. लांबचे तुकडे थोडे मागेपुढे झाले तरी निभावतं.

कपड्यांचं काय? प्रत्येकाकडे टोपी, उपरणं आणि वरचा शर्ट अशा तीन गोष्टी दोन-दोन रंगांत द्या आणि तुकडा बदलताना अदलाबदल करायला लावा. भडक पिवळा किंवा चौकटीचा एक शर्टसुद्धा आठ वेळा दिसला की प्रेक्षक पकडतो. आणि मैदान लाल मातीचं असेल तर आधी टँकरने पाणी मारून घ्या. तीनशे माणसं आठ वेळा चालली की उडालेली धूळ शेवटच्या प्लेटांवर पांढरी झाक आणते.

नेत्याचं भाषण आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून मैदानावरच्या स्पीकरवर वाजवा. त्यामुळे गर्दी दर वेळी त्याच वाक्याला हसते, त्याच वाक्याला घोषणा देते, आणि संकलनात तुकडे जुळतात. नटाचा घसाही वाचतो.

गर्दीचे सगळे शॉट पहिल्या दोन दिवसांत संपवा. त्यात एक शॉट हमखास राहून जातो, नेमबाजाच्या दुर्बिणीतून दिसणारी सभा. खिडकीच्या आतली बाजू नंतर सेटवर घेता येते. पण दुर्बिणीतून दिसणारा नेता आणि त्याच्यामागची गर्दी मात्र त्याच उंचीवरून, ३०० ते ४०० मिलिमीटरच्या लेन्सवर, गर्दी हजर असतानाच घ्यावी लागते. ती राहिली तर त्या एका शॉटसाठी पुन्हा गर्दी बोलवावी लागते.

पळापळीचा शॉट

या शॉटला खरोखर माणसं मरू शकतात, म्हणून इथे घाई चालत नाही. तीनशे जणांना एकदम ‘पळा’ कधीही सांगायचं नाही. चाळीस-पन्नासचे गट करा, प्रत्येक गटाची वाट किमान १२ फूट रुंद आखा, आणि वाटेवर खुर्ची, केबल, खुंटी काहीही नको. गटाच्या पुढे आणि मधे फाइट मास्टरची माणसं असावीत. पडायचं फक्त त्यांनीच, तेही आधी ठरलेल्या जागी, मॅटवर. पायात बूट किंवा पट्ट्याची सँडल हवी, साधी चप्पल नको. लहान मुलं, वयस्कर मंडळी आणि गरोदर बायका या शॉटमध्ये नकोत. त्यांना आधीच बाजूला बसवा आणि त्या दिवसाची मजुरी पूर्ण द्या, नाहीतर पैशांपायी कुणी तब्येत लपवेल.

वेग कॅमेऱ्यातून आणायचा. माणसं जॉगिंगच्या चालीने धावली, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणि लेन्स लांबची असली, तर पडद्यावर चेंगराचेंगरी दिसते. थांबण्याची खूण शिट्टीची ठेवा, आणि ती शिट्टी एकाच माणसाच्या गळ्यात असू दे. लाउडस्पीकरवरचं ‘कट’ किंकाळ्यांत ऐकू जात नाही. रुग्णवाहिका गेटबाहेर उभी करून भागत नाही. ती मैदानात, तोंड बाहेरच्या दिशेला करून हवी.

अभिनयाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की पहिली गोळी सुटली की गर्दी लगेच पळत नाही. सभेत फटाके वाजतच असतात, त्यामुळे लोकांना आधी फटाकाच वाटतो. काहीजण टाळ्यासुद्धा वाजवतात. सगळ्यात आधी हलतो तो अंगरक्षक, आणि त्याचं पहिलं काम नेत्याला खाली दाबणं आणि मागच्या वाटेने बाहेर काढणं. गोळीला गोळीने उत्तर देणं त्यानंतरचं. हे एक-दीड सेकंदाचं न कळणं शूट केलंत, तर पुढची पळापळ दुप्पट अंगावर येते.

बंदूक आणि रक्त

सेटवर जिवंत काडतूस आणायचं नाही, कुठल्याही कारणाने नाही. गोळी नसलेलं, नुसत्या बारूदाचं काडतूस, ज्याला ब्लँक म्हणतात, तेही निरुपद्रवी नसतं. नळीच्या तोंडातून गरम वायू आणि कण जोरात बाहेर पडतात. १९९३ मध्ये ब्रँडन ली हा अभिनेता अमेरिकेत सेटवर गेला तो ब्लँकमुळेच. आधीच्या शॉटमधल्या दिखाऊ काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलं होतं, ब्लँकने ते बाहेर फेकलं. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत हलिना हचिन्स ही छायाचित्रकार तालमीच्या वेळी गेली, त्या रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी होती. दोन्ही ठिकाणी शॉट लावण्याआधी बंदूक नीट तपासली असती, तर अपघात झाला नसता.

मध्यम बजेटच्या सिनेमाला ब्लँकची गरजही नाही. लांबच्या शॉटला रबरी बंदूक, जवळच्या शॉटला गॅसवर चालणारी, जिची वरची स्लाइड मागेपुढे होते ती नकली बंदूक, आणि नळीच्या तोंडची आग व्हीएफएक्समध्ये. एवढ्यात काम होतं. तरीही नियम खऱ्या बंदुकीचेच पाळा. शस्त्रांची जबाबदारी एकाच माणसाकडे, पेटीला कुलूप, प्रत्येक शस्त्राला नंबर, देताना-घेताना वहीत सही. शॉटआधी ती बंदूक नट, दिग्दर्शक आणि कॅमेरामन यांना उघडून दाखवायची. नेम कुणाच्याही थेट अंगावर धरायचा नाही, कॅमेऱ्याच्या कोनातून तो तसा दिसतो. ब्लँक वापरलंच तर नळीच्या दिशेला किमान २० फूट कुणी नको, आणि कॅमेरा ऑपरेटरसमोर पारदर्शक जाड ढाल. गणवेशातल्या कलाकारांनी जेवायला किंवा चहाला सेटबाहेर जाताना अंगावर साधा शर्ट चढवून जावं. पोलिसी गणवेशात हातात नकली बंदूक घेऊन रस्त्यावर उभा राहिलेला माणूस मुंबईत मोठी अडचण करून ठेवू शकतो.

गोळी लागल्याचा स्फोट, म्हणजे स्क्विब, फक्त अनुभवी इफेक्ट्सवाल्याने लावायचा. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा मिळत असेल तर तीच घ्या. नेत्याच्या अंगावर पांढरा खादीचा कुर्ता असतो आणि त्यातून छातीवरची पट्टी आरपार दिसते, म्हणून वर जाकीट चढवा. जाकिटाचं कापड सुती निवडा. भोक पडायचं त्या जागी आतून खरखरीत कागदाने धागे झिजवून ठेवावे लागतात, आणि टेरिकॉटसारखं कापड फाटण्याऐवजी ताणतं. हा पोशाख सहा जोड शिवून घ्या: एक गोळीआधीचा, तीन टेकसाठी, दोन रक्ताने माखलेले, पुढच्या हॉस्पिटलच्या प्रसंगासाठी. सगळे जोड आधी एकदा धुऊन घ्या. नव्या कापडातली खळ रक्त शोषू देत नाही, ते ओघळून खाली जातं.

रक्तासाठी लिक्विड ग्लुकोज १ लिटर, पाणी २०० मिलिलिटर, खाण्याचा लाल रंग ३० मिलिलिटर, निळा पाच-सहा थेंब आणि कोको पावडर एक चमचा. कोको आधी कोमट पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या राहतात. निळा घातला नाही तर हॅलोजनच्या उजेडात रक्त नारिंगी दिसतं. तोंडातून यायचं रक्त याच मिश्रणाचं. कपड्यांवर टाकायच्या रक्तात १० मिलिलिटर लिक्विड साबण घाला म्हणजे डाग निघतात, पण ती बाटली वेगळी ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. ग्लुकोजवर माश्या बसतात, तेव्हा नट जमिनीवर पडल्यावर अगदी शेवटी रक्त ओता. खरं रक्त सुकताना काळपट होतं, हे मात्र चकचकीत लालच राहतं, म्हणून तासाभरानंतरच्या प्रसंगात कोको दुप्पट.

कॅमेरा आणि मंडपाचे दिवे

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करताना शटर १८० अंशांऐवजी १७२.८ अंश ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर १/५० सेकंद उघडी राहते आणि मंडपाचे दिवे लुकलुकत नाहीत. स्लो मोशनसाठी ४८ फ्रेम त्याच कोनावर चालतात, कारण तेव्हा १/१०० सेकंद मिळतो. १०० फ्रेमच्या वर गेलात की भाड्याने आणलेले मंडपवाल्याचे दिवे उपयोगाचे नाहीत, फ्लिकर-फ्री दिवे आणावे लागतात. हल्ली व्यासपीठामागे एलईडीची मोठी भिंत असते. ती लेन्समधून आडव्या पट्ट्या दाखवते, आणि डोळ्याला त्या दिसत नाहीत. शूटिंगच्या आदल्या दिवशी त्याच कॅमेऱ्याने, त्याच लेन्सने चाचणी घ्या.

नळीच्या तोंडची आग सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरती असते, आणि १७२.८ अंशांवर शटर निम्म्याहून थोडा जास्त वेळ मिटलेलं असतं. त्यामुळे ब्लँक झाडला तरी जवळपास निम्म्या वेळा आग दिसतच नाही. आग व्हीएफएक्समध्येच घालायची असेल तर शूटिंगच्या वेळी नटाच्या चेहऱ्यावर आणि मागच्या भिंतीवर छोट्या दिव्याने एक झपका मारा. तो उजेड नसेल तर नंतर घातलेली आग चिकटवल्यासारखी दिसते.

नेमबाजाच्या खोलीत बंदुकीची नळी खिडकीबाहेर काढू नका. जाणता नेमबाज खिडकीपासून सहा-आठ फूट मागे, अंधारात बसतो. छायाचित्रणालाही ते फायद्याचं. पुढे खिडकीची चौकट, मागे काळोख, आणि उजेड फक्त डोळ्यावर.

गाड्यांच्या ताफ्याची पळापळ रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटसारख्या ऑफिसांच्या भागात सोपी जाते, तिथे सुट्टीच्या दिवशी वर्दळ कमी असते. गाड्या ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची गरज नाही. कॅमेरा जमिनीलगत ठेवा आणि पुढून खांब, झाडं, कमानी सरकू द्या.

गोळीचा आवाज

सेटवरचा गोळीचा आवाज सिनेमात वापरायचा नसतो. तो नंतर थरांनी बांधतात: सुरुवातीचा चटका, मधला दणका, आणि जागेचा पडसाद. दगडी इमारतींच्या गल्लीत पडसाद लांब आणि कडक, उघड्या मैदानावर जवळजवळ नाही. सगळ्या गोळ्यांना एकच पडसाद लावला की जागेचा सगळा हिशेब पुसला जातो.

रेकीचा १७० मीटरचा आकडा इथे कामाला येतो. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगवान असते, साधारण सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास, आणि आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर. म्हणजे माइकशेजारी उभ्या माणसाला आधी गोळीचा चाबकासारखा चटका ऐकू येतो, आणि पाव सेकंदाने, म्हणजे सहा-सात फ्रेमनंतर, खिडकीकडून दणका. व्यासपीठावरच्या शॉटमध्ये हे अंतर तसंच ठेवा. खिडकीतल्या शॉटमध्ये मात्र दणका आधी, आणि नेता पडताना दिसतो नंतर, आवाजाशिवाय. प्रेक्षकाला यामागचं गणित ठाऊक नसतं, तरी गोळी लांबून आली हे त्याच्या कानाला पटतं.

सभेचा आवाज वेगळा गोळा करा. शूटिंगच्या दिवशी कॅमेरा बंद असताना अर्धा तास राखून ठेवा आणि तीनशे जणांकडून घोषणा, टाळ्या, कुजबुज, गोळीनंतरची शांतता आणि किंकाळ्या वेगवेगळ्या रेकॉर्ड करून घ्या. त्या अर्ध्या तासासाठी जनरेटर बंद ठेवायचा. साउंड लायब्ररीतले तयार आवाज परदेशी गर्दीचे असतात, आणि मराठी सभेचा गलका त्यांतून येत नाही.

प्रमाणपत्राला जाण्यापूर्वी

२०२४ च्या नियमांपासून सेन्सॉर मंडळाच्या यूए प्रमाणपत्राचे, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली मुलांनाही चालणाऱ्या सिनेमाच्या, वयानुसार तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. राजकीय हिंसेच्या सिनेमाला निर्माते बहुधा यूए १६+ ची अपेक्षा धरतात, कारण ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, मिळालं तर तो सिनेमा तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही. म्हणून संकलनात गोळी लागण्याच्या शॉटचे दोन पर्याय तयार ठेवा: एक रक्त दिसणारा, एक अंगरक्षकाच्या पाठीआडून घेतलेला. दुसरा शॉट शूटिंगच्या दिवशीच घ्यावा लागतो, तेव्हा तो शॉटलिस्टमध्ये आधीपासून हवा. संवादात खऱ्या पक्षाचं, खऱ्या नेत्याचं किंवा जातीचं नाव सुटलं असेल तर डबिंगमध्येच बदला. मंडळाने ते काढायला सांगितलं की आवाज गाळलेल्या जागी ओठ हलताना दिसतात. वेळ कमी पडतो तो इथेही. मंडळाचा निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती आहे, पण अपिलाचं जुनं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं आणि त्यापुढचा रस्ता थेट उच्च न्यायालयाचा. प्रदर्शनाची तारीख जाहीर करण्याआधी एवढी सवड हातात ठेवा, आणि साउंड मिक्स संपला की लगेच अर्ज करा.